खाडीकाठच्या नळाला आरओ बसवावा, की गाळून-उकळून प्यावं?

माझा चुलतभाऊ निवृत्तीनंतर डोंबिवलीहून गावी येऊन राहणार आहे. घराला रंग लागला, नळाची जोडणी मिळाली, आता त्याचा प्रश्न एकच: पिण्याच्या पाण्याला काय बसवू? गेल्या दोन-तीन वर्षांत वाडीतल्या आणखी चार घरांनी मला हेच विचारलं, कारण आमच्याकडे आधी आरओ होता आणि आता नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मालवण-देवगड पट्ट्यातलं आमचं गाव. ग्रामपंचायतीची नळपाणी योजना, योजनेची विहीर नदीकाठी आणि तिथून खाडी फार लांब नाही. तुमचंही असंच असेल तर पुढचं उपयोगी पडेल. घर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर असेल आणि पाणी जांभ्यातल्या विहिरीचं असेल, तर आरओचा विचारही करू नका. त्या पाण्यात मुळातच क्षार कमी असतात. त्याला जंतूंपासून जपायचं, एवढंच काम.

शहरातून येणारा एक गोष्ट धरून चालतो की नळाचं पाणी बाराही महिने सारखंच असणार. आमच्या नळाला वर्षात तीन तऱ्हेचं पाणी येतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ते तांबूस, गढूळ होतं, कारण साऱ्या गावाची धुऊन आलेली माती नदीत उतरलेली असते. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचं पाणी इतकं छान असतं की माठातलं तसंच प्यावंसं वाटतं. आणि मार्च सरता सरता ते मचूळ व्हायला लागतं. मे महिन्यात चहाला चव येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही, अंगाला साबण लावला तर फेस धरत नाही.

हे मचूळपण कुठून येतं ते समजून घेतलंत तर निवड करणं सोपं जाईल. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं आणि किनाऱ्याच्या जमिनीत ते खाऱ्यावर तरंगून राहतं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या बावी, म्हणजे विहिरी, चौफेर समुद्र असताना गोड्या आहेत, हे आपण शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. पण हा तोल नाजूक असतो. भूजलशास्त्राचा ढोबळ ठोकताळा असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत खालचं खारं पाणी दाबून ठेवलेलं असतं. म्हणजे उपशाने पातळी एक फूट उतरली की खारं पाणी कितीतरी वर चढायला बघतं. मे महिन्यात नदी आटलेली, चाकरमानी आलेले, पाहुण्यांची घरं भरलेली, पंप जास्त वेळ चालतो. त्या दिवसांत विहिरीत खाडी शिरली नाही तरच नवल.

आमचा आरओ आम्ही 2017 च्या मे महिन्यात घेतला. विक्रेत्याने नळाच्या पाण्यात टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा मीटर बुडवला, आकडा आला लिटरला 780 मिलिग्रॅम. मशीनमधून आलेल्या पाण्यात बुडवला, 60. आणखी काही विचारायचं उरलंच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 ही चांगली मर्यादा धरली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलं आहे. पण 780 च्या पाण्याचा चहा प्यायलेल्या माणसाला मानकाशी काय करायचं असतं? आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी त्या पाण्याचा चहा प्यायलो तेव्हा घरातली सगळी माणसं खूश झाली. आई मात्र दोन दिवसांनी म्हणाली, "ह्या पाण्याक चव नाय रे." तिला बावीच्या पाण्याची सवय, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

त्याच वर्षी जुलैत मी सहज मीटर नळाखाली धरला. आकडा आला 70. मेपेक्षा अकरा पट चांगला! आणि त्याच जुलैत आमच्या वाडीतल्या दोन घरांत कावीळ झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. आमच्याकडे मीटर उत्तम आकडा दाखवतो तेच दिवस पाण्याने आजारी पडायचे. आणि आकडा वाईट असतो त्या दिवसांत पाणी बेचव असतं, पण त्याने माणूस आडवा पडत नाही. खारटपणा जिभेला कळतो, मलमूत्राची लागण कशालाच कळत नाही. म्हणून पाणी निवडताना मीटर खिशात असू द्या, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका.

आता एकेका पर्यायाकडे येतो.

आरओची बाजू आधी नीट मांडतो, कारण खारटपणा काढणारं घरगुती साधन हेच एक आहे. उकळल्याने क्षार जात नाहीत. पाणी आटतं तसे उलट थोडे वाढतात. युव्हीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याने जंतू मरतात, क्षारांना त्याचा काही फरक पडत नाही. कँडलचा किंवा पोकळ तंतूंचा फिल्टर गाळ आणि बहुतेक जिवाणू अडवतो, पण मीठ त्यातून सरळ निघून जातं. तेव्हा ज्यांच्या नळाला वर्षाचे सहा-सात महिने मचूळ पाणी येतं आणि चालत जाण्याच्या अंतरावर गोडी बाव नाही, त्यांना मी आरओ नको म्हणणार नाही.

पण आरओ बसवला की एक पांढरी बारीक नळीही घरात येते, आणि आमचा निकाल त्या नळीने लावला.

ती टाकाऊ पाण्याची नळी. दहा लिटरची एक कळशी चांगलं पाणी होईपर्यंत आमच्याकडे नळीखालच्या पंधरा लिटरच्या दोन बादल्या भरत. आम्ही घरात पाच माणसं. पिणं-स्वयंपाक धरून रोजचं वीस-पंचवीस लिटर. म्हणजे साठ-सत्तर लिटर रोज त्या नळीवाटे जाणार. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज 55 लिटर, पाच माणसांना 275. त्यातला चौथा हिस्सा एका नळीतून गेला! नवीन मशीनमध्ये पाणी कमी वाया जातं म्हणतात, तेही खरं असेल. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये, 500 च्या आतल्या टीडीएसच्या पाण्याला आरओ वापरू नये आणि निदान साठ टक्के पाणी परत मिळालं पाहिजे, असं सांगितलं होतं. माझा अनुभव आमच्या जुन्या मशीनचा आहे, तेवढी सूट देऊन वाचा.

पावसाळ्यात आणि थंडीत ही नळी कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. पण आरओची खरी गरज मे महिन्यात, आणि मे महिन्यात आमचा नळ एक दिवसाआड पाऊण तास. जे पाणी खारट झालंय ते कमी झाल्यामुळेच खारट झालंय. म्हणजे मशीन लागतं ते नेमकं पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा, आणि तेव्हाच ते सगळ्यात जास्त पाणी पितं. यातून सुटका नाही, कारण दोन्हीचं मूळ एकच आहे.

त्या बादल्यांचं पुढे काय करायचं? झाडांना घाला, सगळे सांगतात. पण त्यातलं पाणी नळापेक्षाही खारं. माडाला चाललं, तुळस पंधरा दिवसांत करपली. कपड्यांना फेस येईना. शेवटी लाद्या पुसायच्या आणि संडासात टाकायचं. लाद्या तरी किती पुसणार? बादली दीड तासात भरते, ती स्वयंपाकघरातून पडवी ओलांडून मागे न्यायची. हे काम आपोआप आईकडे आलं. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. रात्री दोनला उठून बादली बघायची. एकदा टाकी भरल्यावर मशीन बंद झालंच नाही आणि सकाळी स्वयंपाकघरात घोटाभर पाणी.

एके दिवशी खालच्या वाडीत टँकर आला होता. बायका हंडे घेऊन उन्हात रांगेत उभ्या. त्यात माझी सख्खी मावशी. मी रस्त्यावरून हे बघून घरात आलो, तर ती नळी बादलीत धो धो वाहत होती. आई बादलीजवळ उभी. म्हणाली, "ह्या मशीनीक पाजूक पानी भरूचां काय?" मी मशीन बंद केलं. पुढे चालू केलं, पुन्हा बंद केलं, वर्षभर असंच चाललं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं, आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती आणि मशीन नुसतं भिंतीवर टांगलेलं राहिलं. त्यानंतर ते काढलंच.

युव्हीबद्दल थोडक्यात. दिवा फार वीज खात नाही, इन्व्हर्टरवर आरामात चालतो, पाणी वाया जात नाही, चव बदलत नाही. तालुक्याच्या गावी, नगरपंचायतीचं गाळलेलं पाणी येत असेल तर मी हेच घेईन. आमच्याकडे अडचण जूनच्या गढूळपणाची. पाणी गढूळ असलं की प्रकाश जंतूंपर्यंत पोचत नाही. आधीचे फिल्टर तो गाळ धरतात खरे, पण आमच्या पाण्याने ते महिन्याभरात तांबडे होतात, आणि पावसाळ्यात तालुक्याहून माणूस बोलावला तर तो येतोच असं नाही.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो. विजेशिवाय चालणारा, वरून पाणी ओतायचा साधा फिल्टर आणि एक मोठं झाकणाचं पातेलं. थंडीत फिल्टर पुरतो. जून ते सप्टेंबर मात्र फिल्टरमधलं पाणी खळखळून उकळायचंच, कारण काविळीचे विषाणू इतके बारीक असतात की अशा फिल्टरवर त्यांच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. न्हाणीच्या चुलीवर उकळत असाल तर झाकण घट्ट हवं, नाहीतर पाण्याला धूर लागतो. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्यायचं. खर्च गॅसचा, सिलिंडर चार-पाच दिवस आधी संपतो. आरओच्या फिल्टर-मेम्ब्रेनला आम्ही वर्षाला साडेतीन-चार हजार घालत होतो, त्यापुढे हे मला जड वाटत नाही. गार होईपर्यंत थांबावं लागतं, हा त्रास आहे. रात्री जेवणानंतर पातेलं चढवायची सवय लागली की तो उरत नाही.

आणि उन्हाळ्यातले ते सहा-सात आठवडे? त्या दिवसांत प्यायला आणि डाळ-चहाला वरच्या वाडीतल्या बावीचं पाणी. सकाळी सहाला दोन कळश्या मी स्कूटरवर आणतो. ती बाव उघडी आहे, तेव्हा ते पाणीही उकळूनच. बाकी सगळ्याला नळ. अशी बाव जवळ नसती तर मी आज वेगळं लिहिलं असतं, हे कबूल करतो.

क्लोरीनच्या वासाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. जलसुरक्षकाने, म्हणजे पंचायतीच्या पाणी बघणाऱ्या माणसाने, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की आमच्याकडे अर्धी वाडी नाक मुरडते आणि भर जुलैत उघड्या बावीचं कच्चं पाणी आणून पिते. हे करू नका. तो वास आपल्याला राखतो. नळाच्या शेवटच्या घरापर्यंत लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ओटी म्हणजे क्लोरीन तपासायचं द्रावण, त्याचा थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं की समजायचं, क्लोरीन पोचला. उलट कुठल्याही घरगुती फिल्टरमधला कोळसा हा क्लोरीन काढून टाकतो, म्हणून फिल्टरच्या खालच्या भांड्यात पाणी दोन-दोन दिवस ठेवू नये, आणि ते भांडं आठवड्याला घासावं. आरओच्या टाकीलाही हेच लागू, पण ती उघडून घासणारं घर मी अजून पाहिलं नाही.

भावाला मी एवढंच सांगितलंय की पैसे घालायच्या आधी पाण्याचे दोन नमुने तपास. एक मेच्या मध्याला क्षारांसाठी, एक जूनअखेर जंतूंसाठी. जंतूंच्या नमुन्याला प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते आणि तो थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावा लागतो. तेवढी धावपळ नको असेल तर एचटूएसची, म्हणजे घरच्या घरी जंतू तपासायची छोटी बाटली पाण्याने भरून दोन दिवस ठेव, काळी पडली की पाणी दूषित. ओट्यावर मशीनची जागा सोडून ठेव, प्लगही काढून ठेव, उद्या गरज पडली तर भिंत फोडायला नको. पण आधी एक अख्खा मे महिना इथे राहा, आणि सकाळी सहाला कळशी घेऊन माझ्याबरोबर वरच्या बावीवर चल.