परदेशी नेण्यासाठी पेठेतून घेतलेला शिधा: काय कामी आले, काय नाही

सदाशिव पेठेतील ज्या दुकानाविषयी हा अभिप्राय आहे, तेथे घरगुती पिठे, मसाले, पापड-कुरडया आणि कोरडा खाऊ मिळतो, आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांना हाच माल व्हॅक्यूम पॅक करून दिला जातो. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. शिवाय याच धर्तीची दुकाने आता पेठांपासून कोथरूडपर्यंत जागोजाग झाली आहेत. जर्मनीत आखेन येथे शिकत असताना वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात मी दर शुक्रवारी सात-आठ मित्रमैत्रिणींना जेवायला बोलावत असे, आणि प्रत्येक शुक्रवारला एक विषय ठरलेला असे: कधी कोकण, कधी खानदेश, कधी उपासाचे पदार्थ, कधी केवळ न्याहारीचे जिन्नस रात्री. स्वतःपुरता केलेला मेतकूट-भात कसाही झाला तरी खपून जातो. आपले जेवण पहिल्यांदाच खाणारी माणसे समोर बसली की मात्र मालाचा खरा कस लागतो. म्हणून हे परीक्षण त्या पंक्तीच्या अनुभवावरून केले आहे.

सर्वांत आधी थालिपिठाची भाजणी, कारण या दुकानात जाण्याचे तेच मुख्य कारण असावे. धान्ये आणि डाळी वेगवेगळ्या, आपापल्या आचेने भाजलेल्या आहेत हे पाकीट फोडताच कळते. सगळे एकत्र भाजले की बाजरी करपते आणि हरभऱ्याची डाळ कच्ची राहते, तसा प्रकार येथे नाही. धणे-जिऱ्याचे प्रमाण हात न आखडता घातलेले आहे. दळण किंचित जाडसर असल्यामुळे पीठ भिजवून वीसेक मिनिटे झाकून ठेवावे लागते, नाहीतर थापताना कडा फाटतात. वसतिगृहातील काचेच्या सपाट शेगडीवर आपला खोलगट लोखंडी तवा नीट टेकत नाही, त्यामुळे मी ओल्या बेकिंग पेपरवर थालिपीठ थापून सपाट बुडाच्या पॅनमध्ये उलटत असे आणि झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस होऊ देत असे. आच मोठी केली की छतावरचा धुराचा अलार्म वाजण्याची धास्ती असे. मधल्या भोकांचे प्रयोजन एका कोलंबियन मित्राने विचारले, आणि त्यांतून तेल सोडल्यावर त्याभोवती बुडबुडे येऊन पीठ तांबूस होताना त्याने पाहिले. त्यानंतर तेल सोडण्याचे काम त्याने कोणालाही करू दिले नाही. जाडसर दळणामुळे थालिपीठ गार झाल्यावरही चिवट होत नाही, आणि आठ जणांसाठी एकच शेगडी असते तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो.

गोडा मसालाही उत्तम आहे, फक्त तो वेळेत संपवावा लागतो. दगडफुलाचा वास आधी येतो, मग भाजलेल्या खोबऱ्याचा आणि तिळाचा. लवंग-दालचिनी मागे राहतात, आणि मसाला तसाच असायला हवा. आमटी, भरली वांगी आणि मसालेभात या तिन्ही गोष्टींवर एका मसाल्यात एक शुक्रवार निघतो. पण खोबरे आणि तीळ तेलकट असल्यामुळे पाकीट एकदा उघडले की काही आठवड्यांतच मसाल्याला खवट वास येऊ लागतो, म्हणून तो फ्रीजरमध्ये ठेवावा. हा मसाला तिकडे जाऊन ताजा करू असे ज्यांच्या मनात असेल, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानातून नेता येत नाहीत. साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात खोबऱ्याची गणना होते आणि विमानतळावर ते काढून घेतले जाते. तयार मसाला नेणे म्हणूनच शहाणपणाचे.

मेतकुटाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते चांगले आहे, हळद किंचित जास्त. मऊ भातावर मेतकूट आणि तूप हा आमच्या न्याहारीच्या शुक्रवारी सर्वांत लवकर संपणारा पदार्थ होता. आमसुले मऊ आणि स्वच्छ होती, मीठ बेताचे. डब्यातल्या नारळाच्या दुधात त्यांची सोलकढी झकास झाली. कळण्याच्या पिठाची भाकरी जमली, पण सोबतचे भरीत ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याचे होते आणि त्याला विस्तवाचा वास कुठून येणार! त्यात दुकानाचा काही दोष नाही.

दोष आहे तो लेबलांत, आणि तो मला गंभीर वाटतो. भाजणीच्या पाकिटावर घटक म्हणून ‘धान्ये, डाळी व मसाले’ एवढेच लिहिलेले आहे. घरी हे चालून जाते, पण आमच्या पंक्तीत एकीला गव्हातील ग्लुटेन वर्ज्य होते आणि एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, आणि या दोघांपुढे ताट ठेवताना अंदाजावर भागत नाही. भाजणीत गहू आहे का, हे फोन करून विचारावे लागले. मेतकुटातील हिंगाचे तर कोणी मनातही आणत नाही. बाजारात मिळणारा बांधानी हिंग बहुधा मैदा आणि डिंक घालून केलेला असतो, म्हणजे चिमूटभर हिंगातूनही गहू पोटात जातो. उपासाच्या भाजणीच्या पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नव्हता, आणि ज्या यंत्रावर ती दळली गेली त्यावर दाण्याचे कूटही निघते का, याचे उत्तर गल्ल्यावरच्या काकूंना देता आले नाही. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार घटकांची यादी आणि ॲलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांची नोंद पाकिटावर असणे बंधनकारक आहे. एरवी इतके काटेकोर असलेल्या दुकानाने येथे ढिलाई का करावी, हे समजत नाही.

पॅकिंगची सेवा निम्मी चांगली म्हणावी लागेल. पिठे आणि मसाले घट्ट, विटेसारखे होऊन येतात, बॅगेत जागा कमी खातात आणि वासही बाहेर येत नाही. चकली, शंकरपाळे आणि पातळ पोह्यांचा चिवडा मात्र या यंत्रात घालूच नयेत. हवा ओढली जाताच चकलीचा चुरा होतो, आणि हे दुकानदाराने आपणहून सांगायला हवे. दुसरी अडचण पाकिटाच्या मापाची आहे. विचारले नाही तर ते किलोचे एकच पाकीट करतात. ‘‘एकातच बसतंय, कशाला सुटं करता?’’ असे काकू म्हणाल्या. परंतु व्हॅक्यूमचा उपयोग पाकीट बंद असेपर्यंतच असतो. आठ माणसांच्या थालिपिठांना साधारण अर्धा किलो भाजणी लागते, तेव्हा अर्ध्या किलोची पाकिटे करून घ्यावीत, म्हणजे एका जेवणाला एक पाकीट असा हिशेब बसतो आणि उरलेला माल ताजा राहतो. मसाल्याची पाकिटे शंभर ग्रॅमच्या वर नकोत.

तयार मिश्रणांची मोठी मांडणी दाराशीच केली आहे: पिठल्याचे, साबुदाणा वड्याचे, आमटीचे. त्यांच्याकडे पाहूही नये असे माझे मत आहे. पिठल्याच्या मिश्रणात वजन असते ते बेसनाचे, आणि बेसन, डाळी, तांदूळ, साबुदाणा हे सर्व जर्मनीतल्या आशियाई दुकानांत मिळते. २३ किलोच्या बॅगेत त्यासाठी जागा घालवणे व्यर्थ आहे. चवीचे म्हणाल तर मिश्रणातल्या लसणाच्या पुडीने पिठल्याला एक औषधी वास येतो. श्रीखंडासाठी चक्का बांधण्याचीही गरज पडत नाही, तिकडचे क्वार्क (चक्क्यासारखे मऊ ताजे चीज) साखर आणि वेलदोडा घालून घोटले की काम होते. तूप नेऊच नये, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी सामानातून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. पेढे, बर्फी आणि खव्याचे पदार्थही त्यातच आले. ‘बुटरश्माल्त्स’ नावाने मिळणारे कढवलेले लोणी आपल्या तुपाची जागा बऱ्यापैकी भरून काढते, रवाळपणा सोडून. ताज्या कढीपत्त्याला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे तो घरी सावलीत वाळवूनच न्यावा. दुकानातील विक्रेत्यांना यातले काही विचारले तर ‘‘सगळेच नेतात हो’’ एवढेच उत्तर मिळते, तेव्हा नियम आपण स्वतः पाहून जावे.

जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे मुले निघतात ती नेमकी गणपतीच्या आगेमागे, आणि तेव्हा मोदकाच्या पिठीसाठी याच दुकानात रांग लागलेली असते. त्या दिवसांत पॅकिंगला दोन-तीन दिवस लागतात आणि पाकिटांवर छापील लेबलाऐवजी पेनने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली जाते. पांढऱ्या पिठीचे बिनलेबलाचे पाकीट घेऊन कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याची हौस कोणाला नसावी. मागणी आधी फोनवर नोंदवावी, भाजणी कोणत्या तारखेला दळली ते विचारावे, आणि छापील लेबल मिळत नसेल तर माल दुसऱ्या दिवशी घ्यायला यावे.