म्हाताऱ्या कुत्र्याची उलटी शिंक: नेब्युलायझर आणि हार्नेस, आठ महिन्यांच्या वापरानंतर

कुत्रा इंडियन स्पिट्झ (दुकानात ‘पॉमेरियन’ म्हणून विकतात तो), वय 12, वजन साडेआठ किलो. जागा पुणे, घर वाहत्या रस्त्यावर. वापर ऑक्टोबर ते मे.

निकाल आधीच सांगतो. घेतलेल्या वस्तूंत सगळ्यात महाग पडला नेब्युलायझर (सलाईनचे थंड तुषार सोडणारं मशीन), सगळ्यात कामाला आला हार्नेस (गळ्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा), आणि सगळ्यात मोठा फरक पडला वरचा एक सुळा काढल्यावर. खरेदीचा क्रम मात्र बहुतेक घरांत उपयोगाच्या बरोबर उलटा असतो.

उलटी शिंक म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूला, मऊ टाळूच्या वर काहीतरी खाजलं की कुत्रा हवा बाहेर फेकण्याऐवजी जोरात आत ओढतो. मान लांब, कोपरं बाहेरच्या बाजूला, तोंड मिटलेलं आणि ‘खर्र-खर्र’ असा डुकरासारखा आवाज. काही सेकंद ते मिनीट-दीड मिनीट चालतं आणि लगेच कुत्रा जणू काही झालंच नाही असा शेपूट हलवतो. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. झटका संपल्यावरही धाप राहिली, जीभ-हिरड्या निळसर दिसल्या किंवा कुत्रा लटपटला, तर ती उलटी शिंक नव्हे. तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठायचा.

म्हातारपणी गोंधळ होतो तो तीन गोष्टींशी. श्वासनलिका चपटी होत असेल तर आवाज बदकासारखा, कोरडा असतो आणि तो श्वास बाहेर टाकताना, खोकल्यासारखा येतो. लहान जातींत, उत्साहाच्या भरात किंवा पट्टा ओढल्यावर हे जास्त दिसतं. स्वरयंत्राचा लकवा हे म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचं दुखणं: भुंकणं घोगरं होतं, उन्हात श्वास घेताना घरघर सुरू होते. हृदयाची झडप गळत असेल तर खोकला येतो आणि झोपेतला श्वास वाढतो. श्वास मोजायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. गाढ झोपेत छाती 30 सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजायचं आणि दुप्पट करायचं. आकडा सतत 30च्या वर राहत असेल तर नाकाचा विषय बाजूला ठेवून आधी हृदय तपासून घ्यायचं.

डॉक्टरांकडे जाताना वर्णन करून सांगू नका, व्हिडिओ न्या. टेबलावर कुत्रा हमखास ठणठणीत असतो. व्हिडिओ बाजूने घ्या, फक्त चेहऱ्याचा नको. छाती, कोपरं, मान दिसली पाहिजे, टीव्ही बंद हवा, आणि झटका संपल्यानंतरची 20 सेकंदंही हवीत. तारीख, वेळ आणि आधीच्या पाच मिनिटांत काय झालं एवढं वहीत लिहिलं की दोन आठवड्यांत चित्र उघडतं: पाणी प्यायल्यावर, फोडणीच्या वेळी, पट्टा लावताना, का पहाटे झोपेतून उठताना.

सुळा

लहानपणापासून महिन्यातून एखादी उलटी शिंक येणारा कुत्रा आणि दहाव्या वर्षानंतर एकदम रोज सुरू झालेला कुत्रा, या दोन वेगळ्या केसेस आहेत. दुसरीत कारण शोधावंच लागतं. लांब तोंडाच्या लहान जातींत वरच्या सुळ्याचं मूळ आणि नाकाची पोकळी यांच्यामध्ये अगदी पातळ हाड असतं. सुळ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे टाळूकडे, हिरडी सुटून खोल खाच पडते. हाड झिजलं की तोंड आणि नाक यांच्यात भोक पडतं आणि पाणी, अन्नाचे कण थेट नाकात जातात. ओठ वर करून बाहेरून पाहिलं तर दात पांढरा आणि घट्टही दिसू शकतो. त्यामुळेच हे सुटतं. खाच कळते ती भूल देऊन, बारीक सळई घालून मोजल्यावर आणि दाताचा एक्स-रे काढल्यावर. पाणी प्यायल्यावर लगेच शिंका, एकाच नाकपुडीतून स्राव, तोंडाला घाण वास, ही त्रिकूट खूण. दात काढून हिरडीचा पडदा ओढून भोक शिवतात. टाके आहेत तोवर मऊ जेवण, हाडं-काठ्या-चिवट खेळणी बंद. नुसती दातांची किटण काढून आणली तर उलट्या शिंका तशाच राहतात, आणि मग लोक म्हणतात की दात साफ करून काही उपयोग झाला नाही.

भुलीला वयाची भीती सगळ्यांनाच वाटते. रक्ततपासणी (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, किडनी, लिव्हर) आणि हृदयाची तपासणी आधी करून घ्या. निर्णय वयावर नाही, त्या रिपोर्टवर घ्यायचा असतो. सीबीसीत प्लेटलेटचा आकडा बघाच. आपल्याकडे गोचीडतापात प्लेटलेट पडतात आणि नाकातून रक्त येतं; ते नाकाचं दुखणं समजून महिना जातो.

घरी करण्यासारखी एक चाचणी: फ्रीजमध्ये गार केलेला छोटा आरसा दोन्ही नाकपुड्यांसमोर धरायचा. वाफेचे दोन डाग सारखे उमटायला हवेत. एक बाजू सतत फिकी किंवा कोरी असेल तर ती नाकपुडी बंद आहे. त्यात त्याच बाजूने रक्त, पू किंवा नाकाच्या हाडावर फुगवटा असेल तर म्हाताऱ्या कुत्र्यात गाठीची शक्यता धरून सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीची तपासणी करावी लागते. पावसाळ्यानंतर टेकड्यांवर फिरणाऱ्या कुत्र्यांत कुसळ हे वेगळंच प्रकरण. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत वाळतं, टोकदार कुसळ नाकात शिरतं आणि उलट दिशेने निघत नाही. तेव्हा शिंका हळूहळू वाढत नाहीत, एका फिरण्यानंतर अचानक धडाधड सुरू होतात. चिमटा घालून स्वतः काढायला जाऊ नका.

हार्नेस

गळ्याचा पट्टा काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. घ्यायचा तो समोरून ‘वाय’ आकाराचा, ज्याची पट्टी छातीच्या हाडावर बसते. खांद्यांवरून आडवी पट्टी जाणारा नको. त्यात पुढचे पाय अडकतात आणि ओढल्यावर पट्टी सरकून पुन्हा गळ्यावरच येते. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बकल कुठे आहेत ते बघून घ्या. पाय उचलून आत घालायचा प्रकार सांधे दुखणाऱ्याला नकोसा होतो. डोक्यावरून ओढायचा प्रकार कान दुमडतो, तेव्हा कुत्रा डोकं मागे खेचतो आणि तिथेच झटका सुरू होतो. मान आणि पोट, दोन्हीकडे उघडणारं बकल असलेला बरा.

माप घेताना स्पिट्झची लोकर फसवते. टेप पुढच्या पायांच्या दोन बोटं मागे, लोकर दाबून धरून लावायची. घातल्यावर पट्टीखाली दोन बोटं सपाट गेली पाहिजेत. हिवाळ्यात नीट बसलेला हार्नेस मार्चमध्ये लोकर झडल्यावर ढिला पडतो, पोटाची पट्टी काखेत सरकते आणि तिथे लाल चट्टा उठतो. आमच्याकडे दोनदा उठला. पट्टी आवळल्यावर आठवड्यात गेला. घरात आल्यावर काढून ठेवायचा, नाहीतर लोकरीचे गठ्ठे होतात.

नेब्युलायझर

लोक याला वाफेचं मशीन म्हणतात, पण वाफ गरम असते आणि हे तुषार थंड असतात. कुत्र्याला गरम वाफ अजिबात देऊ नका, भाजतं. काम एवढंच: 0.9 टक्के सलाईनचे बारीक थेंब करून नाक ओलं ठेवणं, चिकट शेंबूड पातळ करणं. पिस्टन कॉम्प्रेसरचं मशीन 3 ते 4 मिली सलाईन साधारण 10 ते 15 मिनिटांत संपवतं. एक मर्यादा दुकानदार सांगत नाही: ही मशिनं फुप्फुसांच्या औषधासाठी बनवलेली असतात, थेंब मुद्दाम इतके बारीक की नाक ओलांडून खोल जावेत. नाकासाठी खरं तर जरा मोठे थेंब बरे. तरीही कुत्रा नाकानेच श्वास घेतो, म्हणून काही ओल नाकात थांबते. फायदा आहे, पण बेताचा.

सलाईनची खरेदी जपून करा. केमिस्टकडे 3 टक्क्यांच्या छोट्या ट्यूब अगदी 0.9 टक्क्यांसारख्याच दिसतात. त्या नाकाला झोंबतात. बाटली मागितली तर ‘एनएस’ (नॉर्मल सलाईन) म्हणून सांगा आणि लेबल वाचा, कारण ‘डीएनएस’मध्ये साखर असते. कप चिकट होतो आणि मुंग्या लागतात, हे सगळ्यात साधं नुकसान. नळाचं किंवा नुसतं डिस्टिल्ड पाणीही चालत नाही. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून काहीच घातलेलं नसतं, तेव्हा उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. छोट्या ट्यूब महाग पडल्या तरी सोयीच्या. आजोबांच्या दम्याच्या उरलेल्या ट्यूब कुत्र्याला लावायचा मोह टाळा. त्यातलं साल्ब्युटामॉल हृदयाची गती वाढवतं आणि उलट्या शिंकेशी त्याचा संबंधच नाही. निलगिरी, मेंथॉल, कापूर काहीही टाकायचं नाही.

मास्क लहान मुलाचा घेतला तर कुत्र्याच्या लांब तोंडावर बसत नाही, तुषार डोळ्यांत जातात. मास्कचा नाद सोडून पिंजऱ्याचा उपाय करा: फिरायचा कॅरियर, त्यावर सुती चादर, दार अर्धं उघडं, नळी आत, आणि तुम्ही समोर बसलेले. चादर पूर्ण बंद केली की आत उकडतं आणि धापेने झटका येतो. मशीन जाड टॉवेलवर, नळी पुरेल तितकं लांब. पहिले दोन दिवस बंद मशीन आणि खाऊ, पुढचे दोन दिवस दुसऱ्या खोलीत चालू, मग कॅरियरमध्ये दोन मिनिटं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पूर्ण वेळ. घाई केली तर कुत्रा मशीन दिसताच पलंगाखाली जातो आणि मग महिनाभर निघत नाही. मेश (बारीक जाळीच्या) प्रकारचं मशीन जवळजवळ मुकं असतं, भित्र्या कुत्र्याला तेच बरं, पण जाळीत मीठ साचून महिन्या-दोन महिन्यांत तुषार कमी होतात. प्रत्येक वापरानंतर मिनीटभर डिस्टिल्ड पाणी चालवावं लागतं.

मशीन गरगरतं आणि तुषार येत नाहीत, या तक्रारीत निम्म्या वेळा कपातली शंकूसारखी छोटी पांढरी टोपी बेसिनमध्ये राहिलेली असते. तिच्याशिवाय सलाईन नुसतं बुडबुडतं. कप धुताना ती बशीत वेगळी ठेवा. रोज कोमट पाण्याने धुऊन, झटकून, स्वच्छ कापडावर वाळवणं. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात अर्धा तास, मग खळखळून धुणं. व्हिनेगरचा वास राहिला तर तोच नाकाला टोचतो. नळी धुवायची नसते. आत ओल दिसली तर कप काढून नुसती हवा पाच मिनिटं सोडा. मागचा फोमचा फिल्टर करडा पडला की बदला; पुण्याच्या रस्त्याकडे तो दोन महिन्यांतच पडतो.

वापराचा निकाल महिन्यानुसार वेगळा आला. डिसेंबर ते फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, झोपण्याआधी एकदा दिल्यावर पहाटेचे झटके स्पष्टपणे कमी झाले. मार्चनंतर दिलं काय, न दिलं काय, सारखंच. सुळा दुखत होता तेव्हा तर काहीच फरक नव्हता.

हवा, धूर, पाणी

कुत्र्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं, म्हणजे केरसुणीची धूळ आणि फिनेल पहिल्यांदा त्याच्याकडे. झाडण्याआधी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसा, फिनेलऐवजी साधं पाणी. डासांची कॉइल बंद आणि खिडक्यांना जाळी, हा बदल एअर प्युरिफायरपेक्षा जास्त जाणवला. उदबत्ती-धूप दाराबाहेर. मिरचीच्या फोडणीने माणसाला ठसका लागतो तिथे कुत्र्याचं काय; एक्झॉस्ट फोडणीच्या दोन मिनिटं आधी लावायचा, नंतर नव्हे. ह्युमिडिफायर घेतलाच तर आर्द्रतामापक आधी घ्या, 40 ते 60 टक्के पुरे. बोअरच्या पाण्यावर अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर चालवला की फर्निचरवर पांढरी भुकटी बसते, तीच नाकात जाते. पावसाळ्यात तो माळ्यावर.

पाणी घटाघटा पिऊन झटका येत असेल तर भांडं कुत्र्याच्या कोपराच्या उंचीला ठेवा आणि पाणी थोडं-थोडं ओता.

झटका चालू असताना: आरडाओरडा नाही, उचलायचं नाही, तोंडात हात घालायचा नाही. गळ्यावरून हलक्या हाताने खाली चोळा, किंवा बोटावर दही लावून नाकासमोर धरा. चाटलं की गिळतो, गिळलं की बहुधा थांबतं. नाकपुड्या सेकंदभर झाकायची युक्तीही याच गिळण्यासाठी आहे, पण हृदयाचा त्रास असलेल्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यावर करू नये.

औषधांबद्दल एकच, पण ठामपणे. माणसाचे नाक मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) कुत्र्याला विषारी आहेत. थोड्याशानेही हृदयाची गती आणि रक्तदाब ढासळतो. अ‍ॅलर्जीची गोळी डॉक्टरांनी लिहिली तर पट्टीवर फक्त तेच एक औषध आहे ना, हे वाचा. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत फिनाइलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन, पॅरासिटामॉल असतं. नाकातले किडे हे कारणही असतं आणि ते दुर्बिणीतूनही निसटतात, म्हणून डॉक्टर कधी कधी तपासणीत काही सापडलं नाही तरी किड्यांचं औषध देऊन बघतात. कॉली किंवा तिच्या मिश्र जातीचा कुत्रा असेल तर आयव्हरमेक्टिनच्या आधी ते डॉक्टरांना सांगायचं विसरू नका.

मशीन आता उन्हाळ्यापुरतं बांधून ठेवलंय. नळी आणि कप उन्हात नाही, सावलीत दोन दिवस वाळवून, सुती पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला मागचा कप बुरशी लागून फेकावा लागला होता.