आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा खटका) बसवून दहा महिने झाले, तो कितीदा पडला (म्हणजे आपोआप बंद झाला) आणि का पडला

आमचं घर अमळनेरला, 1998 चं बांधकाम आणि वायरिंग पण तेव्हाचीच. मधे कधीतरी किटकॅट (चिनी मातीचे जुने फ्यूज) काढून एमसीबी (जास्त लोड झाला की पडणारे खटके) टाकल्या तेवढीच काय ती सुधारणा. मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई पोरांना घेऊन आलेली, दुपारची वेळ, ओट्यावर नुकतंच पाणी मारलेलं, भाची अनवाणी लोखंडी कुलरजवळ गेली, जाळीला हात लावला आणि जी किंचाळली. झटक्याने हात सुटला म्हणून बरं. आणि आईला म्हणे हे पंधरा दिवसांपासून माहीत होतं, "चुनचुन करस तो" (झिणझिण्या आणतो तो) एवढंच म्हणायची आणि लाकडी पाटावर उभी राहून बटण दाबायची. हसू नका, तुमच्या गल्लीत पण कोणीतरी उलट्या हाताने कुलरला शिवून बघत असेलच.

वायरमनला बोलावलं तर तो म्हणे एमसीबी आहे ना भाऊ, टेन्शन कशाचं. इथेच सगळे फसतात. कुलरच्या लाईनवर 16 अँपची एमसीबी होती, म्हणजे 16000 मिलीअँप, आणि माणसाच्या जिवाला 30 मिलीअँपच्या वर गेलं की धोका सुरू होतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नाही. आरसीसीबी वेगळं काम करतो, फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का ते सतत बघतो, 30 मिलीअँपचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत सगळं बंद. पण जास्त लोड झाला तर तो पडत नाही, त्यामुळे एमसीबी काढायची नाही, दोघं पाहिजेत.

मी दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) 40 अँपचा आरसीसीबी घेतला, मेन एमसीबी 32 ची आहे म्हणून. कंपनीचं नाव सांगत नाही, कोणत्याही चांगल्या कंपनीचा चालतो, फक्त डबीवर आयएसआय मार्क, आयएस 12640 आणि 30 मिलीअँप हे तीन वाचा. दुकानदाराने मला आधी 100 मिलीअँपचा हातात दिला होता, दिसायला डिट्टो सारखा, चष्मा लावून वाचलं नसतं तर तोच बसला असता.

आता खरी गंमत. बसवला त्या दिवशी तो उभाच राहीना. खटका वर केला की खाली, वर केला की खाली. वायरमन म्हणे पीस खराब आहे, बदलून आणा. मी म्हटलं सगळ्या एमसीबी बंद करून बघू, तरी पडतो. तेव्हा मला पण वाटलं पीसच खराब. मग दुसरा एक जण आला, मोटार रिवाइंडिंगचं काम करणारा, त्याने सांगितलं की एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तर जोडलेलीच राहते, आणि न्यूट्रल कुठे अर्थिंगला चिकटली असेल तर हा पडणारच. त्याने डीबीतली (सगळ्या एमसीबी असतात त्या डब्यातली) न्यूट्रल पट्टी खोलून एकेक वायर काढायला सुरुवात केली, पाचव्या वायरला आरसीसीबी उभा राहिला. किचनची लाईन. मिक्सरच्या सॉकेटमागे कोण्या जुन्या महाभागाने न्यूट्रलमधून छोटा तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडलेला, म्हणजे अर्थिंग आहे असं दाखवायला! अशा जोडणीत न्यूट्रल मागे कुठे तुटली तर मिक्सरच्या बॉडीत सरळ फेज येतो. किती वर्षं त्या मिक्सरवर ठेचा वाटलाय आम्ही.

मग अर्थिंग उकरलं. काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडून पाईपपासून सुटलेली, आणि वर क्लॅम्पजवळ वायर गंजून तुटलेली, नुसती शोभेला. नवीन रॉड टाकला, भोवती बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) पावडर भरली. जुन्या पद्धतीने मीठ-कोळसा भरणारे म्हणतील आमचं काय वाईट, वाईट काही नाही, पण त्याला पाणी घालत राहावं लागतं आणि मीठ पाईप लवकर खातं. काहीजण म्हणतात आरसीसीबी असला की अर्थिंगची गरज नाही, अर्धं खरं आहे, अर्थिंग नसलं तरी तो पडतो पण तुमच्या अंगातून करंट गेल्यावर. अर्थिंग असलं तर कोणी हात लावायच्या आधीच पडतो. भाचीवाला कुलर नीट प्लग लावून परत जोडला तर आरसीसीबी लगेच पडला, पंपाची वायर पाण्यात कुजलेली आणि आधीच्या थ्री पिनची मोठी, म्हणजे अर्थिंगची पिन टू पिनमध्ये बसवायला कोणीतरी (मीच) मोडलेली.

त्यानंतर जूनमध्ये पहिल्या पावसाला पडला, गेटवरच्या होल्डरमध्ये पाणी. श्रावणात कानबाईच्या (आमच्या खानदेशातला देवीचा उत्सव) रात्री पडला, घर पाहुण्यांनी भरलेलं, पुरण शिजतंय आणि सगळीकडे अंधार, आई चिडून म्हणे "ते डबडं काढी टाक". लाईटीची माळ खिडकीच्या ओल्या ग्रिलवरून ओढलेली, एका ठिकाणी वायर सोललेली निघाली. त्याच ग्रिलला धरून पोरं आरती बघत होती, हे आईला दाखवल्यावर ती गप्प. डिसेंबरात गिझर. त्याचा शॉक कधी कोणाला लागला नव्हता, एलिमेंट खोललं तर फुटलेलं. दोनदा मात्र विजा कडाडताना पडला, त्यात काही सापडलं नाही.

तक्रारी पण आहेत. एका फॉल्टने अख्खं घर बंद होतं. दिवाळीनंतर दोन दिवस नाशिकला गेलो आणि मागे हा पडला, फ्रीजमधलं दूध, पनीर सगळं फेकलं. परत करायचं झालं तर बाथरूम, किचन आणि कुलरच्या लाईनला वेगवेगळे आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावीन, महाग पडतात पण ज्या लाईनमध्ये फॉल्ट तेवढीच बंद होते.

इन्व्हर्टरचं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. लाईट गेल्यावर घर बॅटरीवर जातं तेव्हा मेनचा आरसीसीबी त्या लाईनला वाचवत नाही, तो इन्व्हर्टरच्या मागेच राहतो. शिवाय इन्व्हर्टरची आणि मेनची न्यूट्रल एकत्र असली तर तो उगाच पडत राहतो, आमचा महिनाभर पडला. न्यूट्रल वेगळी करून घेतली आणि इन्व्हर्टरनंतर दुसरा 25 अँपचा लावला, तेव्हापासून शांत आहे.

आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर हा पडणार नाही, त्याला तुम्ही बल्बच वाटता. तेवढी अपेक्षा ठेवू नका.

दर एक तारखेला टेस्टचं बटण दाबतो, फटकन पडला पाहिजे, नाही पडला तर बदलायचा. दहा महिन्यांत एकदाही चुकला नाही. सगळा खर्च आरसीसीबी दोन, रॉड, वायर, मजुरी धरून नऊ हजारांच्या आत, त्यात आरसीसीबीपेक्षा अर्थिंगलाच जास्त गेले. पुढच्या महिन्यात माळ्यावरून कुलर निघेल, नवीन पंप आणि तीन कोरची वायर आणून ठेवलीय. पाट आईने अजून उचलला नाहीये.