बोअरचा व्हीएफडी पॅनल आणि पातळीचा सेन्सर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

बोअरमधल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरच्या केबलमध्ये विजेच्या तारांसोबत एक बारीक पोकळ नळी असते. ती वर, केबल जोडतात त्या डब्यापर्यंत येते आणि तिचं तोंड बाहेरच्या हवेला उघडं राहावं लागतं. बसवणाऱ्याने ते तोंड बुजवलं असेल, किंवा तोंड उघडं ठेवून डबाच हवाबंद केला असेल, तर पॅनलवर दिसणारी पातळी खोटी आहे. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं बघा आणि उठून आपला डबा उघडा. भर मे महिन्यात आमची मोसंबी या एका नळीपायी तहानेली राहिली, म्हणून एवढं ठासून लिहितोय.

कंपनीचं नाव देत नाही. जालन्याच्या बाजारात तोच डबा वेगवेगळ्या लेबलांखाली दिसतो, त्यामुळे नावापेक्षा दोष ओळखता येणं जास्त कामाचं.

आमचं शेत अंबड तालुक्यात. बोअर साडेसहा इंची, 320 फूट. पाच एचपीचा पंप 270 फुटांवर, सेन्सर 262 वर. पाणी हौदात पडतं आणि तिथून ठिबकला दुसरी मोटर. माझी नोकरी गुजरातेतल्या मेहसाण्याच्या तेलक्षेत्रात गेली, विहिरींचं उत्पादन बघण्यात. तिथे कुठल्याही विहिरीबद्दल पहिला प्रश्न एकच असायचा: चालू पंपावर तळाचा दाब किती? गावाकडे आल्यावर लक्षात आलं की बोअरवाल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारतच नाही. किती इंची पाणी आहे, किती फूट खोल आहे, मोटर किती एचपीची, संपलं. पंप चालू असताना पाणी कुठे उभं राहतं, हे शेतकऱ्याला माहीत नसतं, मोटर बसवणाऱ्यालाही नसतं. सेन्सर घेतला तो त्यासाठी. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) सोबत गळ्यात पडला, कारण दुकानदार दोन्ही जोडूनच देत होता.

जानेवारीत आंबे बहाराचं, म्हणजे मोसंबीच्या या हंगामातल्या फुलोऱ्याचं, पाणी सुरू करायच्या आधी बोअरची चाचणी घेतली. साधन म्हणजे दोनशे लिटरचा ड्रम, मोबाइलचं घड्याळ आणि पॅनलवरचा आकडा. बंद असताना पाणी 110 फुटांवर. मिनिटाला 40 लिटर काढलं तर पातळी 140 ला ठरली. 80 लिटरला 175 वर ठरली. 110 लिटरला मात्र 225 वर जाऊनही ठरेना, खालीच सरकत राहिली. पहिल्या दोन पायऱ्यांत उतरलेल्या प्रत्येक फुटामागे सव्वा लिटरच्या आसपास पाणी मिळत होतं, पुढे हिशेबच मोडला. कारण बोअर मारला तेव्हाच्या वहीत सापडलं: मुख्य झरा 190 फुटांवर. वरचा मांजऱ्या खडक थोडं पाणी देतो, 190 ची भेग बरंच देते, त्याखाली नुसता काळा पाषाण. पातळी झऱ्याच्या खाली गेली की झरा देऊ शकतो तेवढं देऊन चुकलेला असतो. आणखी खाली ओढलं तरी तो थेंबभर जास्त देत नाही.

तेलाच्या विहिरीतही अशीच एक रेघ असते. तळाचा दाब एका मर्यादेच्या वर असेपर्यंत ओढ (तळाचा दाब किती खाली आणला ते) आणि उत्पादन सरळ प्रमाणात चालतात. दाब त्याखाली गेला की तेलात विरघळलेला वायू सुटू लागतो, तेलाची वाट अडते आणि रेघ वाकते. ही वाकलेली रेघ व्होगेल या अभियंत्यांनी 1968 मध्ये समीकरणात बसवली. तिच्यातला एक आकडा मला कायम पाठ आहे: अर्ध्या ओढीत विहीर आपल्या कमाल उत्पादनाच्या सत्तर टक्के देते. उरलेले तीस टक्के काढायला दुसरी अर्धी ओढ खर्ची पडते. कारणं वेगळी (तिथे वायू, इथे खडकातली भेग), पण मोटर किती जोरात चालवायची हे विहिरीला विचारून ठरवायचं, ही शिस्त दोन्हीकडे एकच. आणि आपल्यासारखाच सबमर्सिबल पंप तेलाच्या विहिरींतही चालतो. 1920 च्या दशकात अरुतुनोव्ह या अभियंत्याने तो अमेरिकेतल्या तेलविहिरींत उतरवला. पंप आपल्यापर्यंत आला, त्याच्यासोबतचं मोजमाप आलं नाही.

मग 40 हर्ट्झवर पंप लावला (पूर्ण वेग म्हणजे 50 हर्ट्झ). मिनिटाला 85 लिटर, पातळी 183 ला स्थिर, झऱ्याच्या सात फूट वर. आधी थेट स्टार्टरवर मोटर जोरात ओढायची, अर्ध्या तासात पाणी तुटायचं, ड्राय रनने बंद पडायची, अर्ध्या तासाने परत सुरू. मीटरवर आठ तासांचं पाणी 27 हजार लिटरच्या आसपास भरायचं. आता न थांबता 40 हजारांच्या वर भरतं. मोटर तीच, बोअर तोच, वीजही तितकेच तास. हा फरक मीटरवर पहिल्यांदा दिसला तेव्हा धाकटा भाऊ आणि मी दोघांनी आकडा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला.

तरीही उन्हाळ्यापर्यंत माझं मत असं होतं की सेन्सर घ्या, व्हीएफडीवर पैसा घालू नका. दुकानदार सांगतो, वेग कमी केला की वीज वेगाच्या घनाने कमी होते, 40 हर्ट्झला निम्मी. सूत्र खरं आहे: प्रवाह 0.8, हेड (पंप पाणी चढवू शकतो ती उंची) 0.64, वीज 0.51. पण बोअरचं पाणी आधी उचलावं लागतं आणि ती उंची वेगासोबत कमी होत नाही. माझ्या पंपाचं पूर्ण वेगातलं कमाल हेड 450 फूट, 25 हर्ट्झला ते 112 उरतं. पाणीच 110 वर आणि हौद जमिनीच्या वर, म्हणजे मोटर नुसती फिरणार, पाणी चढणार नाही. मोटरभोवतून पाणी वाहिलं नाही तर ती तापते. पॅनलमध्ये किमान वेग 20 हर्ट्झ ठेवून दिला होता. तो मी लगेच वाढवून घेतला, तुम्हीही बघा. शिवाय साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून सरकारने वीजबिल माफ केलंय. बिलच नाही तर बचत कशाची? पातळी धरायची तर डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह थोडा आवळूनही धरता येते. वाहत्या तेलविहिरीला तोंडाशी प्रवाह आवळणारा चोक लावतात, तेच काम. व्हॉल्व्ह काही शे रुपयांत येतो.

एप्रिलमध्ये हे मत बदललं. आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) उन्हाळ्यात व्होल्टेज 415 च्या जागी 335-340 वर येतं. थेट स्टार्टरवर एवढ्या व्होल्टेजला मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि रिवाइंडिंगला जाते. व्हीएफडीत 40 हर्ट्झला मोटरला लागतंच 332 व्होल्ट. कमी व्होल्टेजचा दिवस तिच्यासाठी साधाच दिवस. शिवारात मोटरी काढायला ट्रायपॉड उभे राहत होते, तेव्हा आमची मोटर थंड चालली. एका रिवाइंडिंगचा आणि मोटर वर काढून परत सोडण्याचा खर्च धरला तर व्हीएफडीचे पैसे मला आता जड वाटत नाहीत. व्हॉल्व्ह आवळून हे झालं नसतं.

आणि मग मे. शेतीची वीज दिवसा मिळते त्या दिवसपाळीच्या आठवड्यात मोटर दुपारी आपोआप बंद पडू लागली, पॅनलवर 'लो लेव्हल'. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळं सुरळीत. भावाचा फोन यायचा, "दादा, दोन वाजले की मोटर मरू राहिली. व्होल्टेज तर ठीक आहे." कंपनीचा माणूस आला. त्याने मीटर लावला, सेन्सरचे मिलीअँपिअर पाहिले आणि निकाल दिला.

"काका, सेन्सर ओके आहे. तुमच्या बोअरचंच पाणी तुटू राहिलं. आणखी शंभर फूट खोल करा."

"पाणी तुटतंय तर रात्री कसं पुरतं?"

"रात्री आजूबाजूच्या मोटरी बंद असतात."

उत्तर ऐकायला पटण्यासारखं आहे, म्हणूनच ते धोक्याचं. पण रात्रीची वीज आली की आख्ख्या फीडरच्या मोटरी आमच्यासोबतच सुरू होतात. तो माणूस खर्चाचा रस्ता दाखवून गेला आणि बाग तशीच तापत राहिली. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळताना आणि तोडताना आम्ही पाहिल्यात. आणखी शंभर फूट हे शब्द इथे कोणी सहज उच्चारू नयेत. आमच्या बोअरला खाली पाषाणच आहे, तिथे गेलेला पैसा परत आला नसता.

मेहसाण्यात उपकरणाच्या आकड्यावर शंका आली की स्वतंत्र मोजणी करायचो. विहिरीच्या तोंडाशी आवाजाचा ठोका द्यायचा आणि प्रतिध्वनीच्या वेळेवरून द्रवाची पातळी काढायची. इथे पाण्याला टेकताच वाजणारा बझरवाला टेप मागून आणला. दुपारी चालू पंपावर टेप 183 दाखवत होता, पॅनल 186 च्या पुढे. बंद पडायची सीमा 185 वर. रात्री तोच फरक फुटाच्या आत. सेन्सर 100 मीटर क्षमतेचा, अचूकता अर्धा टक्का, म्हणजे दीड फूट इकडेतिकडे चालेल. पण फक्त दुपारी वाढणारी आणि एकाच बाजूला जाणारी चूक या खात्यात बसत नाही.

डबा उघडला. पश्चिमेकडच्या पत्र्यावर लावलेला, झाकणाला रबर, केबल आत येते त्या ग्लँडला सिलिकॉन, आत नळीचं तोंड. पाणी जाऊ नये म्हणून पूर्ण बंद केलेला. सेन्सर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब मोजतो आणि नळीतून आलेला हवेचा दाब त्यातून वजा करतो. बंद डब्यातली हवा 30 अंशांनी तापली की तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. वातावरणाच्या दाबाचे दहा टक्के म्हणजे जवळपास मीटरभर पाणी, तीन फुटांहून थोडं जास्त. तेवढंच पाणी पॅनल कमी दाखवत होता. मी ग्लँड ढिली केली आणि काही मिनिटांत आकडा टेपशी जुळला.

कंपनीला फोटो आणि दोन्ही आकडे पाठवले. उत्तर आलं: ग्राहकाने डबा उघडल्याने सेन्सरची वॉरंटी रद्द. माझा संताप इथे आहे. बसवताना चूक तुमची, निदान चुकीचं तुमचं, बोअर खोल करायचा सल्ला तुमचा आणि दोष शोधणाऱ्याची वॉरंटी रद्द? लेखी तक्रार करून, वरच्या माणसापर्यंत जाऊन वॉरंटी परत मिळवली. पण ज्याला नळी कशासाठी आहे हे माहीत नाही, तो शेतकरी बोअरवेलच्या गाडीला फोन लावणार आणि कर्ज काढणार. यासाठीच रेटिंगमधले दोन तारे कापतोय.

उपाय स्वस्त आहे. डब्याला खालच्या बाजूने हवा घेणारा ब्रीदर प्लग बसवा, डबा सावलीत घ्या, नळीच्या तोंडाशी सिलिका जेलची पुडी ठेवा. ओलावा नळीत उतरला आणि आत पाण्याचा थेंब अडकला, तर आकडा पुन्हा बिघडतो आणि सेन्सरही जातो. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

पावसाळ्यानंतरची भर. स्थिर पातळी 110 वरून 40 फुटांवर आली. चाचणी परत घेतली तर पूर्ण वेगातही पातळी 150 च्या आसपास ठरते, झऱ्याच्या बरीच वर. म्हणजे या दिवसांत वेग कमी ठेवायचं कारणच नाही. एकदा सेट केलेला आकडा वर्षभर तसाच ठेवणारे पावसाळ्यात पाणी सोडून देतात आणि उन्हाळ्यात मोटर जाळतात. दर ऋतूला ड्रम आणि घड्याळ घेऊन अर्धा दिवस घालवा. सिलिका जेल मात्र ओल्या दिवसांत फार लवकर गुलाबी झाली, दोन पुड्या जास्त आणून ठेवा.

बाकी बारीकसारीक: डिस्प्ले उन्हात वाचता येत नाही. पंख्याच्या जाळीतून मुंग्या आत जातात. व्हीएफडी आणि मोटर यांच्यात केबल लांब असेल तर मोटरच्या वाइंडिंगवर व्होल्टेजचे झटके बसतात, त्यासाठी आउटपुट चोक (ते झटके मवाळ करणारी कॉइल) लागतो. तो कोटेशनमध्ये नव्हता, मागून घ्यावा लागला. सेटिंगचा पासवर्ड पैसे देण्याआधी लिहून घ्या.

ज्यांची पातळी उन्हाळ्यातही झऱ्याच्या वर राहते आणि व्होल्टेज चांगलं आहे, त्यांनी फक्त सेन्सर आणि व्हॉल्व्ह घ्यावा. आमच्यासारख्या डीपीवरच्यांनी दोन्ही घ्यावं. बसवणाऱ्याला सकाळी नाही, दुपारी बोलवा. तापलेल्या डब्यासमोर त्याच्याकडूनच टेप सोडून घ्या, आणि दोन आकडे जुळल्यावर उरलेली रक्कम द्या.