वाचपाक जाय, काय दवरपाक?

म्हापशाच्या बाजारामागे एका जुन्या घराच्या तळमजल्यावर पुस्तकं बांधून देणारे एक गृहस्थ बसतात. दारावर पाटी नाही. त्यांचं नाव मी इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. मामा म्हणते. शुक्रवारच्या बाजारात मिरच्या आणि हळसांदे विकणाऱ्या बायकांना 'पुस्तकां बांदपी खंय बसता?' असं विचारा, त्या दार दाखवतील. पाच पावसाळे मी त्यांच्याकडे जाते आहे. पुस्तकावर जीव असलेल्या गोव्यातल्या प्रत्येकाला ही जागा माहीत असावी, म्हणून हे लिहिते.

पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत तीन पुस्तकं होती. जुलै महिना, डिचोलीहून अस्नोड्यामार्गे कदंबाची बस, वरून धो धो पाऊस. पुस्तकं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरली होती. त्यांनी त्यातलं एक हातात घेतलं, मधोमध उघडलं, नाकाजवळ नेलं आणि विचारलं, "हें वाचपाक जाय, काय दवरपाक?"

वाचायला हवं की ठेवायला, हा प्रश्न मला कळला नाही. मग त्यांनी दोन्ही प्रकार समोर ठेवून दाखवले. ठेवायचं पुस्तक घट्ट बांधतात. जाड पुठ्ठा, ताठ कणा, कपाटात उभं राहील असं. वाचायचं पुस्तक वेगळं. त्याची पाठ थोडी सैल सोडायची, पुठ्ठा पातळ घ्यायचा, कण्यावर कापड चढवायचं, म्हणजे मांडीवर उघडं ठेवलं तर आपोआप मिटत नाही. इतकी वर्षं पुस्तकं हाताळली, शाळेत मराठी शिकवते, पण हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. मी म्हटलं, वाचायचं. त्यांनी पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवलेली आमची नावांची पट्टी पाहिली. "पांच घरांनी भोंवता हें?" म्हणाले आणि कणा दुहेरी कापडाचा करायचं त्यांनी स्वतःच ठरवलं.

ती पट्टी म्हणजे आमचा वाचनगट. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच जण डिचोलीला माझ्या पडवीत जमतो. पोस्टातून निवृत्त झालेले नार्व्याचे भाई, मयेच्या माई, साखळीहून येणारे कॉलेजातले इतिहासाचे सर, वाळपईची नर्स मैत्रीण आणि मी. बोलतो कोकणीत, वाचतो मराठी आणि कोकणी दोन्ही. दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या बाकीबाबांच्या, म्हणजे कवी बा. भ. बोरकरांच्या, गोव्यात याचं कुणाला नवल वाटायला नको. एका पुस्तकाची एकच प्रत असते. ती घरोघर फिरते, आणि आतल्या पट्टीवर नाव आणि तारीख लिहूनच पुढे द्यायची असा नियम आहे. माईंच्या घरून परत आलेल्या पुस्तकाला चुलीच्या धुराचा वास येतो, भाईंकडून आलेल्याला कापराचा.

या फिरतीत पुस्तकाचे जे हाल होतात ते गोव्यात राहणाऱ्यालाच ठाऊक. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कागद हवेतलं पाणी शोषून फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, पुन्हा फुगतो. या ओढाताणीत सगळ्यात आधी कणा जातो. मग पानांच्या कडांना बुरशी धरते आणि कसर लागते. जुन्या खळीतला स्टार्च कसरीला आवडतो, म्हणून ती कण्यापासून खायला लागते. कौलातून एकच थेंब गळत असला तरी तो नेमका पुस्तकांच्या फळीवर पडतो, हा माझ्या घरचा अनुभव. वाळवीबद्दल लिहीत नाही, तिने माझ्या आजोबांची अर्धी पेटी नेली आहे.

या माणसाचं काम मी अनेकदा तिथल्या बाकावर बसून पाहिलं आहे. ते आधी पुस्तक पूर्ण सोडवतात. जुन्या मराठी पुस्तकांत छापील कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे केलेले असतात. हे फर्मे सुटे करून, घडीच्या आतून टोच्याने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक फर्मा शेजारच्याला शिवतात. दोरा फार ओढला तर कागद फाटतो, सैल सोडला तर पुस्तक लोंबतं. त्यांची बोटं हे न बघता करतात. खळ मैद्याची, रोज ताजी शिजवलेली आणि तिच्यात मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून कसर लागत नाही. मोरचुदाचं भांडं वेगळं, उंच फळीवर, आणि नातवंडं आली की दाराला कडी. शिवून झालं की दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवतात, आणि पावसाळ्यात हा दाब तीन-चार दिवसांचा असतो, कारण खळ वाळतच नाही. घाई करू नका, असं ते सांगतात तेव्हा ऐकावं. एकदा शाळेच्या कार्यक्रमासाठी मी घाई केली आणि पुठ्ठा वाकडा झाला. तो दोष माझा.

भिजलेलं पुस्तक कसं वाळवायचं हेही मी तिथेच शिकले. उन्हात टाकायचं नाही, पानं लाटांसारखी वळतात. दर दहा-बारा पानांत कोरा कागद घालून पंख्याखाली उभं ठेवायचं आणि कागद बदलत राहायचं. छापील वर्तमानपत्र घालायचं नाही, शाई उतरते. आणि चिकटपट्टी कधीच नाही. आमच्या नर्स मैत्रिणीने प्रेमाने तीन पुस्तकांचे कणे चिकटपट्टीने बांधले होते. पट्टी पिवळी पडली, तिचा डिंक कागदात उतरला आणि ते डाग आता जाणार नाहीत. मामांनी ते पाहिलं आणि काही न बोलता पट्टी सोडवायला घेतली, तासभर, केस कापायच्या पातळ पात्याने.

खर्चाचं सांगते. साध्या पुस्तकाला २५० रुपये, जाड खंडाला ४०० ते ५००. मागच्या वर्षी ज्या पुस्तकाला मी २५० दिले त्यावर छापील किंमत ४० रुपये होती. यावरून आमच्या पडवीत जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. सरांचं म्हणणं, नवी आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी, लेखकाला आणि प्रकाशकाला चार पैसे मिळतात, आणि बांधणीवर खर्च करणं म्हणजे वस्तूचा मोह. भाईंचं म्हणणं, आपण जी पुस्तकं वाचतो त्यातली निम्मी पुन्हा छापलेलीच नाहीत, मग नवी कुठून आणणार? माई म्हणाल्या, फोनवर वाचा, आता सगळं फोनवर येतं. त्या स्वतः फोनवर वाचतात, अक्षर मोठं करून, आणि त्यांच्या डोळ्यांना तेच बरं. मी भाईंच्या बाजूची आहे. पण सरांचा मुद्दा मला टोचला, आणि तेव्हापासून मी नियम केला आहे: बाजारात मिळणारं पुस्तक नवं घ्यायचं, न मिळणारं बांधायचं.

याच वादात सरांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली, जुन्या गोव्यात. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला रोमी लिपीत छापलं गेलं आणि पुढे १६४९ व १६५४ मध्येही निघालं. या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. जे टिकलं ते भाविकांनी हाताने उतरवून काढलेल्या नकलांमुळे, आणि त्या नकलांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. म्हणजे छापलेलं गेलं आणि हाताने लिहिलेलं उरलं. माई त्यावर म्हणाल्या, कारण नकला घराघरांत वाचल्या जात होत्या. सर गप्प झाले. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःची दोन पुस्तकं माझ्या पिशवीत घातली.

या माणसाचं सगळ्यात चांगलं काम मी पाहिलं ते भाईंच्या भारतीय संस्कृतिकोशावर. दहा खंडांचा हा कोश ज्यांनी उभा केला ते महादेवशास्त्री जोशी सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे, आमच्या नर्स मैत्रिणीच्या तालुक्यातले. भाईंनी पोस्टातल्या पगारातून एकेक करून खंड घेतले आणि नातवंडांना हात लावायला दिले, याचं मला फार कौतुक आहे. त्यामुळे खंड खिळखिळे झाले. एक खंड तर दोन तुकड्यांत होता. मामांनी तो पूर्ण उसवून शिवला, फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि कण्यावर जुनंच नाव कापून पुन्हा चिकटवलं. असे खंड जड असतात, आपल्याच वजनाने कण्यातून निसटतात. म्हणून त्यांनी आत कापडाच्या दोन पट्ट्या जास्त घातल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तो खंड पडवीत आला त्या रविवारी आम्ही ठरलेलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि दोन तास नुसत्या नोंदी वाचत बसलो. एक नोंद दुसरीकडे नेते, दुसरी तिसरीकडे. चहा तीनदा झाला.

आता तक्रार. ती लिहिणं अवघड आहे, कारण या माणसाबद्दल मला आदर आहे, पण लिहायलाच हवी.

माझ्या वडिलांकडे धर्मानंद कोसंबींच्या आत्मचरित्राची, 'निवेदन'ची, एक प्रत होती. धर्मानंद सांखवाळचे. गोव्यातल्या खेड्यात बसून 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्या वाचनाने त्यांना घराबाहेर काढलं, पुढे नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत नेलं. एक मासिक एका खेड्यात पोचलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न वडील नेहमी विचारत. त्या प्रतीच्या समासात त्यांनी पेन्सिलीने टिपणं केली होती. कुठे तारीख, कुठे 'खरं आहे', कुठे माझ्या आजीचं एखादं वाक्य. मी ते पुस्तक बांधायला दिलं आणि टिपणांबद्दल सांगायला विसरले. मामांनी शिवण उत्तम केली आणि मग कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी यंत्रावर कापल्या. समासातल्या टिपणांची शेवटची अक्षरं गेली. 'खरं आहे'चं 'खरं आ' उरलं आहे.

मी दुकानात उभी राहून रडले. त्यांनी कापलेल्या कागदांचं पोतं शोधलं, पण ते आदल्या दिवशीच रद्दीत गेलं होतं. पैसे घेईनात. मी ते बाकावर ठेवून आले. चूक दोघांची होती, हे मला नंतर कळलं, पण जुन्या पुस्तकाला कापायचं यंत्र लावण्याआधी प्रत्येक पान चाळून पाहणं हे बांधणाऱ्याचं काम आहे, असं मी आजही म्हणते आणि त्यांनाही म्हटलं आहे. त्यांनी ते मान्य केलं. आता ते प्रत्येकाला विचारतात, समासांत कितें बरयलां? आणि मी पहिल्या पानावर जाड अक्षरांत 'कडा कापू नये' अशी चिठ्ठी लावते. तुम्हीही लावा. कडा न कापलेलं पुस्तक थोडं ओबडधोबड दिसतं. दिसू द्या.

समासात लिहावं की नाही, यावर आमच्या गटात त्यानंतर बरंच बोलणं झालं. माई म्हणतात, पुस्तक दुसऱ्याच्या हाती स्वच्छ जायला हवं, आपलं मत त्याच्यावर लादू नये. पटण्यासारखं आहे. पण मी वडिलांशी आता फक्त त्या समासांतच बोलू शकते, म्हणून मी पेन्सिल सोडलेली नाही. गटाच्या पुस्तकांत मात्र लिहीत नाही, कोरी चिठ्ठी घालून त्यावर लिहिते.

आणखी दोन गोष्टी जाण्याआधी माहीत असाव्यात. एक म्हणजे वेळ. आठ दिवस सांगतात, पाच आठवडे लागतात. मे महिन्यात शाळांच्या आणि देवस्थानांच्या वह्या येतात तेव्हा त्याहून जास्त. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. दुसरं म्हणजे आजची नवी पुस्तकं. यांत फर्मे शिवलेले नसतात. कण्याची घडी कापून पानं सुटी करतात आणि नुसत्या गोंदाने जोडतात. तो गोंद आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत कडक होतो आणि पानं गळायला लागतात. अशा पुस्तकाला घडीतून शिवता येत नाही, म्हणून कडेने टाके घालावे लागतात. टाके पक्के बसतात, पण आतला समास खातात आणि पुस्तक पूर्ण उघडत नाही. समास मुळातच अरुंद असेल तर ते काम घेतच नाहीत, सरळ सांगतात. हे मला आवडतं. मराठी प्रकाशकांनी निदान जाड पुस्तकं तरी शिवून द्यावीत, चाळीस-पन्नास रुपये जास्त घ्या, आम्ही देऊ.

त्यांच्यामागे हे काम शिकणारं कुणी नाही. मुलगा दुबईला आहे. आमच्या नर्स मैत्रिणीने विचारलं, मला शिकवाल का? सुईचा हात तिला आहेच. त्यांनी आधी नकार दिला, मग एक जुना उसवलेला फर्मा आणि दोरा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, शिवून हाड, म्हणजे शिवून आण. तिने तो तीनदा उसवला आहे.

पावसाआधी, म्हणजे एप्रिलच्या शेवटापर्यंत पुस्तकं नेऊन द्या. सकाळी दहा ते एक, मग जेवणानंतर चार ते सात. रविवारी बंद. येत्या शुक्रवारी मी साडेनऊच्या बसने जाणार आहे. भाईंचा सातवा खंड आणायचा आहे, आणि वाळपईहून तो चौथ्यांदा शिवलेला फर्मा दाखवायला द्यायचा आहे.