लॉर्ड्स १९३२चं धावपत्रक, फ्रेमसह: चौकट पक्की, बेरीज कच्ची

चौतीस वर्षं सहकारी बँकेत कारकुनी केली आणि त्याहून जास्त वर्षं क्लबच्या मॅचला स्कोअरर म्हणून बसलो. त्यामुळे आकडे समोर आले की आधी बेरीज, मग कौतुक, अशी खोड लागली आहे. ज्यांना वस्तू भिंतीवर टांगून मोकळं व्हायचंय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्यासाठी फ्रेम उत्तम आहे.

मागवलं होतं ते भारताच्या पहिल्या कसोटीचं, इंग्लंडविरुद्धच्या सामन्याचं, मराठी धावपत्रक. आकार अठरा बाय चोवीस इंच, किंमत साडेआठशे रुपये. नातवाने मोबाइलवरून ऑर्डर दिली, पाचव्या दिवशी पार्सल दारात. कोपऱ्यांना थर्माकोल, वर बबलचा कागद, एक ओरखडा नाही. काच खरी आहे, प्लॅस्टिकची नाही. मागे दोन हुक आणि सोबत खिळेसुद्धा. कागद जाड, पिवळसर, शाई न फुटलेली. इथपर्यंत तक्रार शून्य.

मग चष्मा लावला.

सुरुवात तर अशी की ऊर भरून यावा. इंग्लंडचा पहिला डाव: सटक्लिफ, त्रिफळा निसार, ३. होम्स, त्रिफळा निसार, ६. याच जोडीने जेमतेम दहा दिवस आधी लेटनला यॉर्कशायरकडून एसेक्सविरुद्ध ५५५ धावांची सलामी दिली होती. तिथे त्यांना बाहेर काढायला गोलंदाजांचा जीव गेला, इथे महंमद निसारने दोघांच्या दांड्या उडवल्या. तिसरा वूली, ९. त्याच्यापुढे छापलंय ‘धावत बाहेर’! अहो, वूली धावत बाहेर गेला नव्हता, लालसिंगने त्याला धाडला होता. त्याला मराठीत धावबाद म्हणतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ३ बाद १९, समोर पहिलीच कसोटी खेळणारा संघ, आणि आपण छापतो ‘धावत बाहेर’.

पुढे बेरीज केली. छापलेली एकूण धावसंख्या २५९, ती बरोबर आहे. पण ओळी मिळवल्या तर २५० भरतात. नऊचा फरक. बँकेत हा फरक दिसला की आम्ही चहा सांगायचो आणि उलटे पडलेले आकडे शोधायला बसायचो, कारण शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरकाला नवाने भाग जातोच. सापडले. यष्टिरक्षक एम्सच्या नावावर ५६ छापलेत. त्याने केल्या ६५. डाव सावरला तो त्याने आणि ७९ धावा करणाऱ्या कर्णधार जार्डिनने. ज्याने आपल्या हातातली मॅच काढून घेतली त्याच्याच धावा आपण कापायच्या, हे बरं दिसत नाही.

भारताच्या डावाची (१८९) बेरीज मात्र जुळते. पण सलामीला नाव काय, तर ‘नॅव्हल’. मी दोनदा वाचलं. ते जनार्दन नवले, आपल्या पुण्याजवळच्या फुलगावचे! भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळलेला माणूस, दोन डावांत १२ आणि १३. इंग्रजी कार्ड यंत्रात घालून मराठी काढलं की असं होतं. इंग्रजी कार्डावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं नावाआधी आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याची नावानंतर छापायची रीत होती. जार्डिन हौशी, हॅमंड पैसे घेणारा. इथे ती आद्याक्षरंच गायब. ज्यांना तो भेद माहीत नाही त्यांना फरक पडणार नाही, मला पडला.

सर्वात मोठी चूक मात्र मथळ्याखाली आहे. ‘कर्णधार: पोरबंदरचे महाराज.’ खालच्या अकरा नावांत महाराज नाहीतच! मग टॉस कुणी केला? दौऱ्याचे कर्णधार ते होते, हे खरं. पण प्रथम श्रेणीच्या तीन डावांत मिळून त्यांच्या धावा दोन. आपली जागा कुठे आहे हे ओळखून ते बाजूला राहिले, आणि हा मोठेपणा सगळ्या राजांना जमलेला नाही. उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी दुखापतीमुळे बाहेर. म्हणून कसोटीत कर्णधार झाले सी. के. नायडू. क्षेत्ररक्षण करताना त्यांचा हात दुखावला, त्या हाताने पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० काढल्या, आणि त्यांचं कर्णधारपद या कागदावर दुसऱ्याच्या नावावर.

‘चार दिवसांचा सामना’ हेही चूक. २५ ते २८ जून असं वाचून कुणीतरी बोटं मोजली असणार. सामना तीन दिवसांचा होता, २६ तारखेला रविवारची सुट्टी.

कोपऱ्यात दौऱ्याचा गोषवारा आहे, तो ठीक. प्रथम श्रेणीचे २६ सामने, ९ जिंकले, ८ हरले, ९ अनिर्णित. गांधीजी तुरुंगात असताना इंग्लंडला खेळायला जायचं नाही म्हणून फलंदाज विजय मर्चंट गेलेच नाहीत, ही ओळ हवी होती. जागा होती. तिथे बॅटबॉलचं चित्र घातलंय. दुसऱ्या डावातलं अमरसिंगचं ५१ मात्र ठळक अक्षरांत आहे. कसोटीतलं भारताचं पहिलं अर्धशतक, आणि तेही खालच्या क्रमांकावर येऊन. सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण त्या ओळीवरून मी दोनदा बोट फिरवलं.

विक्रेत्याला सगळ्या चुका क्रमांक घालून कळवल्या. तिसऱ्या दिवशी एका मुलाचा फोन आला. बोलायला गोड. म्हणाला, “काका, पोस्टरची बेरीज कोण करून बघतं?” म्हटलं, “मी बघतो.” आठवड्यात नवा कागद आला, फुकट. एम्स ६५, नवले नवले झाले, वूली धावबाद. चार दिवसांचे तीन झाले. कर्णधार अजून पोरबंदरचे महाराज! पुन्हा फोन करायचा कंटाळा केला. स्क्रू ड्रायव्हरने मागची पट्टी काढून नवा कागद बसवला, आणि बसवायच्या आधी समासात पेन्सिलने बारीक अक्षरांत ‘सी. के. नायडू’ लिहिलं.

फ्रेमला पाचपैकी पाच, छपाईला चार, मजकुराला दोन. फोनवरच्या मुलाला पाच.

जुना कागद टाकला नाही. क्लबवर स्कोअरिंग शिकायला पोरं येतात, त्यांच्या हातात आधी तो देतो आणि सांगतो, नऊ धावा हरवल्यात, शोधा. एक जण तीन रविवार शोधतोय.