दहा टोकांचा तारा आणि आरशाची धार: इराणी धर्तीचे आरसेकामाचे दागिने

शिराझच्या शाहचेराग दर्ग्यात भिंतींपासून घुमटापर्यंत आरशाचे बारीक तुकडे जडवलेले आहेत. फारसीत या कामाला आयिने-कारी म्हणतात. त्याच धर्तीची चांदीची पदकं आणि कानातली आता बरीच मिळतात. चमकतात सगळीच, फसतात ती भूमितीत.

आठ टोकांचा तारा सोपा. एका चौरसावर दुसरा ४५ अंशांत फिरवून ठेवला की झाला, टोकं काटकोनी. पहिल्यांदा घेणाऱ्याने हाच घ्यावा. इस्फहानच्या दर्ब-ए इमाम दर्ग्याच्या (१४५३) गिरेह नक्षीत, म्हणजे तारे आणि बहुकोन गुंफलेल्या भौमितिक नक्षीत, दिसतो तसा दहा टोकांचा तारा मात्र कारागिराचा कस पाहतो. मध्याशी मिळणाऱ्या दहा तुकड्यांचा कोन प्रत्येकी ३६ अंश हवा. दर तुकड्यात अर्धा अंश जास्त गेला, तर दहाव्यापर्यंत ५ अंश साचतात. मग शेवटचा तुकडा घासून कसाबसा बसवतात. समोरासमोरच्या टोकांवर पट्टी धरा. ती मध्यबिंदूवरून जात नसेल, तर पदक घेऊ नका.

जाडीही पाहा. ४ सेंटिमीटर व्यासाच्या गोल पदकात १ मिलिमीटरची काच सुमारे ३ ग्रॅम भरते, २ मिलिमीटरची सहाच्या वर. पदकाला ते चालतं, कानाला नाही. काचेवर नख टेकवा: नख आणि प्रतिबिंब यांत फट जितकी जास्त, तितकी काच जाड. अॅक्रिलिकचा आरसा हलका असतो, पण लवकर ओरखडतो. रोजच्या वापराला तो नकोच.

सर्वांत मोठा दोष कडेला येतो. आरशाचा पारा (हल्ली चांदीचा थर असतो, शब्द जुनाच राहिला) कापलेल्या कडेला उघडा पडतो. घाम, अत्तर किंवा व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनचा गोंद तिथे पोचलं की काळी रेघ आत सरकू लागते, आणि ती परत जात नाही. कडा लाखेने किंवा रेझिनने बंद केलेल्या हव्यात. आरसे चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी उत्तम. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते.

झाळकाम आणि चांदी काळवणं, दोन्ही आरसे बसवण्याआधीच व्हायला हवं. नंतर कडी तुटली तर उष्णता देता येत नाही, आरसे काढावेच लागतात. म्हणून साखळीची कडी झाळलेली नको, उघडता येणारी जाड कडी मागून घ्या. साफ करताना पाण्यात बुडवू नका, अल्ट्रासोनिक यंत्रात तर मुळीच नाही. किंचित ओलसर मऊ कापड पुरतं.